निपाणीच्या पत्रातली गाळलेली ओळ

मी शाळामास्तर आहे, आणि दुसऱ्यांची पत्रं वाचून देणं हे आमच्या वडगावात मास्तराच्या कामातच धरतात. पोस्टमन पत्र टाकून पुढं जातो. ज्याचं पत्र असेल तो ते दोन बोटांत धरून माझ्या दाराशी येतो आणि उंबऱ्यावर टेकतो. बाळंतपणं, बदल्या, मयतीच्या बातम्या, म्हशीची वेतं, सगळं मी जसंच्या तसं वाचून दिलेलं आहे. एकदाच खोटं वाचलं. ते ज्याच्यापुढं वाचलं, त्यानंच मला अक्षरं शिकायला धाडलं होतं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणापाशी काढली नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. मुळात मी बोलणारा माणूस नव्हे, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळंच.

तो माणूस म्हणजे माझा काका. वडील मी लहान असतानाच गेले. घरात दोन हातमाग होते. रीतीप्रमाणं एका मागावर मी बसायला हवं होतं. काका म्हणाला, "घरात एक तरी हात शाईचा असूंदे," आणि मला शाळेत घातलं. तो स्वतः सही करायचा ती अंगठ्यानं. पण त्याच्या हातची साडी शहापूरच्या पेठेत उलगडली की दुकानदार काठ बघूनच ओळखायचे.

काकाला एकच मुलगी. मी तिचा चुलतभाऊ, ती मला अण्णा म्हणते, बापाला आप्पा. महायुद्धाच्या आधी एका वैशाखात तिचं लग्न निपाणीला ठरलं. व्याही तंबाखूचे व्यापारी, स्वतःची वखार, घरात माणसांचा राबता. आमच्या बोळातली माणसं म्हणायची, "पोरगीनं नशीब काढलं, पर आता ईवायाच्या तोडीला तोड द्याय पायजे हं." काका वरवर हसायचा. आपल्या वागण्यात काही कमी पडलं तर ते पोरीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, एवढीच त्याला धास्ती.

लग्नाला पंधरा दिवस उरले आणि व्याह्यांचं पत्र आलं. काकानं ते माझ्याकडं आणलं. पत्र असं होतं: लग्न वडगावला होईलच, दुसऱ्या दिवशी निपाणीला आमच्या वखारीच्या अंगणात पानसुपारी ठेवली आहे. आमचे धाकटे बंधू बेळगावच्या कॅम्पात सामानाच्या कोठीवर असतात. साहेबलोकांत लग्नानंतर एकेकाने उभे राहून वधूवरांविषयी दोन शब्द बोलावे, मग सर्वांनी पेले उंच करून प्यावे, अशी रीत त्यांनी पाहिली आहे. आपणही तसे करू. पेल्यात अर्थात पन्हे. आमच्याकडून चौघे बोलतील. आपल्याकडून एकाने बोलावे. आपले पुतणे मास्तर आहेत, ते बोलले तर आम्हां सर्वांस आनंद होईल.

मी वाचत वाचत आलो आणि शेवटच्या ओळीपाशी थांबलो.

याचं कारण सांगायला हवं. पोरांच्या वर्गात मी गरजतो. पण मोठी माणसं समोर बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते, त्यांचं स्वागत माझ्याकडं होतं. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. उघडं तोंड तसंच ठेवून मी खाली बसलो, आणि बसलो तो साहेबांसाठी आणलेल्या हारावर. आमचे हेडमास्तर पुढं वर्षभर मला दुरून बघितलं तरी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरायचे.

"काय लिव्हलंय शेवटी?" काकानं विचारलं.

मी पत्रावर बोट ठेवलं आणि वाचलं, "आपल्याकडून वधूच्या वडिलांनी बोलावे."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस ते जास्तच बोलतो. काकाचा चेहरा पांढरा पडलेला बघून मी मनचीच आणखी एक ओळ जोडली. "त्यांचे चार शब्द ऐकण्यास आम्ही सर्वजण उत्सुक आहोत."

काकानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मला? नावानं लिव्हलंय?"

"व्हय."

"परत वाच."

मी परत वाचलं, आता अडखळलोसुद्धा नाही. काकाच्या चेहऱ्यावर भीती तशीच होती, पण तिच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं. "एवढा वखारवाला माणूस," तो म्हणाला, "मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्याला बोला म्हणतोय. मनानं मोठी माणसं दिसत्यात रं." आणि पत्र माझ्या हातातून घेऊन, घडी घालून, टोपीत ठेवून तो गेला. तासाभरात सबंध बोळाला कळलं होतं.

भाषण अर्थातच मी लिहून दिलं. मन खात होतं, म्हणून ते जरा जास्तच भारी लिहिलं. "आजच्या या परममंगल प्रसंगी, उपस्थित स्नेहीजनहो, माझे अंतःकरण आनंदाने उचंबळून आले आहे." पुढं चंद्र होता, कुमुदिनी होती, सागर आणि सरिता होत्या. शेवटी, "परमेश्वरकृपेने या उभयतांचा संसार अखंड सुखाचा होवो."

काकानं ते ऐकलं आणि विचारलं, "कुमुदिनी कोण? आपल्यातली का त्यांच्यातली?"

मी ती काढली. चंद्रही काढला. सागर मात्र काकानं ठेवून घेतला, त्याला आवडला.

आता पाठ करायचं कसं? वाचता येत नाही. अंगणात उभं करून मी एकेक वाक्य सांगायचो, तर दुसरं सांगेपर्यंत पहिलं गेलेलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी काका वैतागला, "हुबं ऱ्हाऊन माझं डोस्कं चालत न्हाय. चल मागावर." खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसला, मी कडेला मांडी घातली. पाय खालच्या पावड्यांच्या फळ्यांवर वरखाली, उजव्या हातात धोट्याची दोरी. खट्, धोटा इकडून तिकडं. मी म्हटलं, "आजच्या या." खट्. "परममंगल प्रसंगी." खट्. आणि काय सांगू, शब्द धाग्यासारखे बसायला लागले! एका खटक्याला एक तुकडा. दोन दिवसांत काका सबंध भाषण मागावर एकटा म्हणायला लागला. काकू स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, त्यो सागर पुरे आता, पोरीची साडी कवा हुणार?"

एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. त्या खेपेचं सूत कच्चं होतं. शेवटचं वाक्य आलं की काकाला हुरूप चढायचा, हात जोरात चालायचा आणि ताण्यातला उभा धागा तुटायचा. म्हणजे रोजचं भाषण असं व्हायचं: "परमेश्वरकृपेने या उभयतांचा संसार. आयला, तुटला!" मग काका वाकून धागा सांधायचा, आणि सरळ होऊन म्हणायचा, "अखंड सुखाचा होवो." दहा दिवस, दिवसातून वीस वेळा. मी कडेला बसून मान डोलवायचो.

लग्न नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं आम्ही वीस-बावीस माणसं निपाणीला पोचलो. वखारीच्या अंगणात मांडव, बाकं, खुर्च्या. गुलाबदाणी, अत्तरदाणी, ताटांत विडे. आणि तंबाखू. सगळीकडं तंबाखूची धूळ. निपाणीकरांना तिचं काही वाटत नव्हतं, वडगावकर मात्र आत पाऊल टाकताक्षणी शिंकायला लागले. नवरदेवाची आत्या म्हणाली, "बाई बाई, पडशानं सगळं वऱ्हाडच आजारी दिसतंय."

मला तिथं दुसरीच काळजी होती. व्याही काकाशी बोलायला आले की मी मध्ये उभा. शेवटी त्यांनी मलाच गाठलं. "मास्तर, तयारी झाली न्हवं? तुमचंच ऐकायचं हाय."

मी म्हणालो, "नाही, म्हणजे... काकांचाच आग्रह आहे. त्यांनाच बोलायचं आहे म्हणतात."

व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. "असं? हौस हाय म्हणायची." आणि हसून गेले. हे माझं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा वाईट, हे मला पुढं कळलं.

कॅम्पातल्या बंधूंनी शिस्त लावली होती. पेला हातात धरायचा, भाषण संपेपर्यंत तोंडाला लावायचा नाही. वैशाखाची दुपार कलत होती, सगळ्यांच्या हातात गार पन्ह्याचे पेले, आणि निपाणीचे चार वक्ते. पहिले दोघे बरे होते. तिसऱ्यानं विवाहसंस्था सृष्टीच्या आरंभापासून घेतली. आमच्यातला एक म्हातारा तेवढ्यात हळूच प्यायला. बंधू लगेच म्हणाले, "आजोबा, अजून न्हाय!" म्हाताऱ्यानं तोंडातलं पन्हं गिळावं की नाही या विचारात सबंध भाषण गाल फुगवून काढलं. चौथा वकिलाकडं कारकून होता, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक भाषण झालं की सगळ्यांनी उठायचं, पेले वर करायचे, "सुखी असा!" म्हणून प्यायचं, मग पेले पुन्हा भरायचे.

पाचवा काका. उपरणं सावरून तो उभा राहिला. नवीन कोट, लाल पागोटं. व्याही कौतुकानं बघत होते. नवरीच्या शालूत गुंडाळलेली माझी बहीण खाली मान घालून बसली होती.

काका बोलेना.

मला ओळखीचं वाटलं ते. उघडं तोंड, आतून काही नाही. कुणीतरी शिंकलं. मग माझी नजर काकाच्या पायांकडं गेली. डावा अंगठा हलला. मग उजवा. मग डावी टाच वर झाली, ती खाली आली तशी उजवी वर गेली. आणि काका जाजमावर, पंधरा-वीस खुर्च्यांपुढं, उभ्या उभ्या माग चालवायला लागला. उजव्या हातानं हवेत दोरी ओढली आणि आवाज फुटला, "आजच्या या! परममंगल प्रसंगी! उपस्थित! स्नेहीजनहो!"

निपाणीकर आधी तोंडाकडं बघत होते, मग सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. पण काकाला कशाचं भान नव्हतं. तो वडगावला, खड्ड्यात होता. सागर आला, सरिता आली, एकही शब्द चुकला नाही. शेवट जवळ आला तसा हुरूप चढला, हात जोरात चालला, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मनात ओरडलो, थांब! तोंडातून आवाज काढला नाही.

"परमेश्वरकृपेने! या उभयतांचा! संसार! आयला, तुटला!"

वडगावकरांच्या शिंकासुद्धा थांबल्या. नव्या नवरीच्या बापानं, भर मांडवात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. बहिणीनं मान वर केली. काकाचे पाय जाग्यावर थिजले. मी कडेच्याच खुर्चीवर होतो. उठून दोन शब्द बोललो असतो, काहीही बोललो असतो तरी भागलं असतं. मी माझ्या पेल्यात बघत बसलो. वेलदोड्याचा एक दाणा वर तरंगत होता. तो मला आजही काढून दाखवता येईल.

मग काकानं सवयीनं केलं तेच. तो वाकला, दोन चिमटींत नसलेला धागा धरला, त्याला पीळ दिला. वाकल्या वाकल्याच म्हणाला, आणि हे मी लिहून दिलेलं नव्हतं, "तुटतोच की. रोजचा तुटतोय. सांधायचा. माझ्या पोरीनं सांधलेली गाठ, मंडळी, माझ्या बोटांनासुदिक लागत न्हाय. तुमी काय काळजी करू नगा." मग सरळ झाला आणि मोठ्यांदा म्हणाला, "अखंड सुखाचा होवो! प्या आता."

आधी व्याही हसले. मग सगळा मांडव. पेले वर गेले, गाल फुगवलेला म्हातारा तर पुन्हा भरून घेऊन प्यायला. मोटारीत परतताना काका म्हणाला, "चुकलं थोडं, पर आवडलं न्हवं त्यास्नी? त्यांनी मागितलंच हुतं." मी म्हणालो, "आवडलं." तो झोपून गेला. मी वडगावपर्यंत जागा.

इथं गोष्ट संपली असती तर मी हे लिहीत बसलो नसतो. दिवाळीला बहीण माहेरी आली. सासरचं कौतुक सांगता सांगता हसत म्हणाली, "आमच्यात काय बी फुटलं, तुटलं, तर सगळी एका सुरात म्हणत्यात, आयला, तुटला! दोर तुटला, बांगडी वाढली, कप फुटला, चाललंच." काका हसला, मीही. मग तो बाहेर गेल्यावर ती हळू बोलली. "अण्णा, त्यांच्या हसण्याचं काय न्हाय वाटत. पर आत्याबाई म्हणत्यात, तुझ्या बाला बोलायची लई हौस. घरात मास्तर असून त्याला बसवला आन् स्वतः उठला. आप्पांना हौस? त्या भाषणापायी तीन रात्री जेवले न्हवते ते." तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठून पाणी प्यायला गेलो. अशी दहा-अकरा वर्षं मी पाणी प्यायला जात होतो.

मध्ये युद्ध आलं आणि गेलं. सुताला कंट्रोल आला, काकाचा माग आठवड्यातले चार दिवस रिकामा. यंदा होळीनंतर एका दुपारी तो तसाच रिकाम्या मागावर बसला होता. मी जाऊन कडेला बसलो आणि सांगितलं. का त्याच दिवशी, ते मला ठाऊक नाही.

काका रागावला नाही. आत गेला, ट्रंकेतून पत्र काढून आणलं. इतकी वर्षं त्यानं ते जपून ठेवलं होतं. "वाच. आता खरं वाच."

मी वाचलं. शेवटची ओळ त्यानं तीनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "म्हंजे त्यांनी मला बोला म्हटलंच न्हवतं."

"नाही."

"त्ये 'उत्सुक' बी न्हवतं?"

"ती ओळ माझी."

"आरं लेका," तो म्हणाला, "हुबं केलंस त्याचं काय न्हाय. हुबा ऱ्हायलो, बोललो, झालं. पर आख्ख्या वडगावाला सांगत फिरलोय मी, निपाणीकरांनी मला नावानं बोलवलं म्हणून. त्येवढं तरी ऱ्हाऊ द्यायचं हुतंस." पत्राची घडी घालून त्यानं मांडीखाली ठेवली. "माझ्यापाशी कशाला बोलतोस? जिला ऐकावं लागलं तिला जाऊन सांग."

मी निपाणीला गेलो. बहीण स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, भाकरी उलटली, काठवट बाजूला सारली आणि हात न पुसताच मला सोप्यावर घेऊन गेली. तिथं व्याही होते, आत्याबाई होत्या, जावा, पोरं. "मामंजी," ती म्हणाली, "अण्णांना काय बोलायचंय. हुबं ऱ्हाऊन बोलणार हायेत."

मी उभा राहिलो. मागं बसायची जागा बघून ठेवली. पण बोललो. पत्रात काय होतं, मी काय वाचलं, आणि त्या दिवशी मांडवात काकाच्या नावावर काय खपवलं. "त्यांना हौस नव्हती. मी भ्यालो होतो." एवढं बोलून बसायला गेलो तर बहीण म्हणाली, "आत्याबाईंकडं बघून सांगा." मी आत्याबाईंकडं बघून परत सांगितलं.

आत्याबाई म्हणाल्या, "आगं बाई."

व्याह्यांनी पानाचा डबा मिटला. "मास्तर, मग तुमी काय बोलला असता त्या दिवशी?"

मी आठवून सुरुवात केली, "आजच्या या परममंगल प्रसंगी, उपस्थित स्नेहीजनहो," आणि चंद्र-कुमुदिनीपर्यंत गेलो, तोवर एक पोरगं पेंगायला लागलं.

"बसा," व्याही म्हणाले. "बरं झालं पत्र खोटं वाचलंत."

सगळे हसले. बहीण हसली नाही. "मामंजी, वन्संचं लगीन हाय येत्या महिन्यात. आप्पांना बोलायला बोलवा. पत्र लिवा, तुमच्या हातानं."

पत्र आठ दिवसांत आलं. पोस्टमन ते काकाच्या हातात देऊन गेला तेव्हा मी तिथंच, मागाच्या कडेला बसलो होतो. सवयीनं हात पुढं केला. काकानं माझ्याकडं बघितलं, पत्र दुसऱ्या हातात घेतलं, आणि शेजारच्या घरच्या सुनेला हाक मारली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. ती भिंतीपलीकडून आली, डोक्यावरचा पदर सावरून एकेक अक्षर लावत वाचायला लागली. दोनदा अडली. मला ते अक्षर दिसत होतं, पण काकानं मला बोलू दिलं नाही.

"माझं नाव कुठं हाय?" त्यानं तिला विचारलं. "बोट ठेव."

तिनं बोट ठेवलं. काकानं वाकून बघितलं, आणि तिला म्हणाला, "आता पयल्यापासनं वाच."